नागपूरहून बोधगया: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीन दिवसांची धम्मयात्रा

दीक्षाभूमीच्या स्तूपासमोरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या रोपांपासून वाढलेला आहे, आणि अनुराधपूरचा वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून नेलेल्या फांदीचा आहे, असे परंपरा सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी ज्या झाडापुढे आपण हात जोडून उभे राहतो, त्याचे माहेर बोधगया आहे. म्हणून बोधगयेला प्रथमच निघालेल्या प्रत्येक नागपूरकराला माझे सांगणे असते की, प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन त्या झाडाजवळ थोडा वेळ बसावे आणि मगच सामान बांधायला घ्यावे.

दुसरे सांगणे वेळेविषयी आहे. आमची पहिली बोधगया यात्रा एका सहलवाल्याच्या बसने झाली. नऊ दिवसांत आठ स्थळे, आणि त्यात बोधगयेच्या वाट्याला जेमतेम दोन तास आले होते. आईने विहारात जाऊन जाऊन संपूर्ण वंदना पाठ केली होती, ती बोधिवृक्षासमोर म्हणायची एवढीच तिची इच्छा होती. पण चपला ठेवण्याच्या रांगेत अर्धा तास गेला, आणि ती त्रिशरणापर्यंत येते न येते तोच बस निघाल्याची हाक आली. पुढच्या वर्षी आम्ही दोघेच गेलो, रेल्वेने, आणि तीन दिवस राहिलो. त्या वेळी ती सकाळी सहाला झाडाजवळ बसली ती दहाला उठली, आणि मध्ये एकदाही तिने चहाचे नाव काढले नाही. तेव्हापासून बोधगयेला किमान तीन पूर्ण दिवस द्यावेत असे मी आग्रहाने सांगत आलो आहे. त्या तीन दिवसांत स्थळे कोणत्या क्रमाने पाहावीत हेही महत्त्वाचे आहे: सिद्धार्थ गौतम ज्या क्रमाने तिथे वावरले, त्याच क्रमाने आपणही चालावे. आधी तपश्चर्येची टेकडी, मग सुजातेचे गाव, मग नदी, आणि शेवटी वृक्ष.

कधी जावे

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सर्वांना सोसवणारा आहे. मात्र या काळातही सगळे महिने सारखे नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोधिवृक्षालगतच्या महाबोधी महाविहारात आंतरराष्ट्रीय तिपिटक पठण होते आणि थेरवादी देशांतील भिक्खू व उपासक मोठ्या संख्येने येतात. त्यानंतर थंडी असेपर्यंत तिबेटी परंपरेचे मोनलाम, म्हणजे सामूहिक प्रार्थनांचे सोहळे, एकामागून एक सुरू राहतात. हे सारे पाहण्यासारखे आहे, परंतु त्या दिवसांत खोली मिळणे कठीण होते आणि दरही चढतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात दाट धुके पडते, त्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा.

भाद्रपदातील पितृपक्ष मात्र टाळावा. त्या पंधरवड्यात पिंडदानासाठी देशभरातून लोक गयेला येतात, त्यातले पुष्कळसे बोधगयेतही येतात, आणि स्टेशनापासून धर्मशाळेपर्यंत कुठेच जागा उरत नाही. वैशाखातील बुद्ध पौर्णिमेला जाण्याची इच्छा अनेकांना असते व ती स्वाभाविक आहे. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिथला मे महिना नवा नाही, तरी दुपारी अकरा ते चार खोलीबाहेर पडू नये आणि संगमरवरी फरशीवर अनवाणी चालावे लागते हे विसरू नये.

गाडी आणि आरक्षण

बोधगयेला स्वतःचे मोठे रेल्वे स्थानक नाही. उतरायचे ते गया जंक्शनवर, आणि तिथून बोधगया सुमारे १५ किलोमीटर आहे. बिहार सरकारने २०२५ मध्ये गया शहराचे नाव ‘गयाजी’ केले आहे, त्यामुळे दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये. आपल्या तारखेला नागपूरहून गयेची थेट गाडी मिळाली तर उत्तमच. ती न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुने मुगलसराय, इथे उतरून गाडी बदलावी. बंगळूरूहून दानापूरला जाणारी संघमित्रा एक्सप्रेस नागपूर, इटारसी, जबलपूर या मार्गाने तिथे पोहोचते. ज्या भिक्खुणीने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार नेली तिच्याच नावाची गाडी आपल्याला त्या वृक्षाच्या दिशेने घेऊन जाते, ही गोष्ट मला दर वेळी सुखावते. मुगलसरायहून गया सुमारे २०० किलोमीटर आहे आणि त्या मार्गावर दिवसभर गाड्या असतात. पहिली गाडी उशिरा पोहोचण्याची शक्यता धरून दोन गाड्यांमध्ये किमान चार-पाच तासांचे अंतर ठेवावे; थंडीत त्याहून अधिक.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. दिवाळीनंतर छठपूजेसाठी बिहारकडे जाणाऱ्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे त्या आठवड्यात जाण्याचा विचार सोडून द्यावा. परतीचे तिकीटही निघण्यापूर्वीच काढून ठेवावे. तत्काळच्या भरवशावर वयस्कर माणसांना घेऊन निघणे मला पटत नाही.

गया स्टेशनबाहेर ऑटो आणि ई-रिक्षा रांगेने उभ्या असतात. काही बोधगयेपर्यंत शेअर पद्धतीने जातात, काही पूर्ण रिक्षा घ्या म्हणून मागे लागतात. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि ते माणशी आहे की एकूण, हे स्पष्ट विचारून घ्यावे. बहुतेक वाद याच एका प्रश्नावरून होतात. गाडी रात्री उशिरा पोहोचत असेल तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबणे चांगले. विमानाने येणाऱ्यांसाठी गयेचा विमानतळ बोधगयेला जवळ पडतो.

सोबत काय घ्यावे

पांढरे वस्त्र, बसायला एक जाडसर आसन, वंदनेची पुस्तिका, आणि जाड मोज्यांचे दोन जोड. मोज्यांचे महत्त्व तिथे गेल्यावरच कळते. महाविहाराच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत. जानेवारीतल्या पहाटे तिथला संगमरवर बर्फासारखा गार असतो, आणि प्रदक्षिणेच्या तिसऱ्या फेरीला पायांची बोटे बधिर होतात. वृद्धांना तर मोज्यांशिवाय नेऊच नये. गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घ्यावी, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स जवळ ठेवाव्यात, कारण विहारात किंवा लॉजवर खोली घेताना त्या मागतात.

मुक्काम

बोधगयेत थायलंड, म्यानमार, भूतान, जपान, तिबेट, व्हिएतनाम, श्रीलंका अशा अनेक बौद्ध परंपरांचे विहार आहेत, आणि त्यांपैकी काही ठिकाणी यात्रेकरूंना राहण्यासाठी खोल्या मिळतात. खोली साधी असते, रात्री ठराविक वेळेला मुख्य दार बंद होते, आवारात शांतता पाळावी लागते. त्या बदल्यात पहाटे शेजारच्या सभागृहातून येणाऱ्या पठणाने जाग येते. हंगामात जायचे असेल तर दोन महिने आधी फोन करून खोली पक्की करावी. दर ठरलेला नसून दान अपेक्षित असेल, तर जवळच्या लॉजच्या भाड्याइतके तरी दान द्यावे, कारण विहाराचे वीज-पाणी त्याच पैशांतून चालते. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे आणि तिची अंमलबजावणी कडक आहे.

जेवणासाठी फार शोध घ्यावा लागत नाही. भात, वरण, भाजी, पोळी सगळीकडे मिळते. हिवाळ्यात तिबेटी भोजनालयांत गरम थुक्पा मिळतो. आणि लिट्टी-चोखा एकदा तरी खाऊन पाहावाच. तिखट लागणाऱ्यांनी चटणीची पुडी सोबत ठेवावी.

पोहोचल्याची संध्याकाळ

स्थळांचा क्रम मी वर सांगितला खरा, पण बोधगयेत पाऊल ठेवल्यावर वृक्षाकडे धाव घेण्याची जी ओढ लागते ती आवरता येत नाही, आणि आवरूही नये. आंघोळ करून संध्याकाळी जावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे, थोडे बसावे आणि परत यावे. महाविहार नीट पाहण्याचे काम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.

पहिला दिवस: डुंगेश्वरी, सुजातेचे गाव आणि नदी

सकाळी सातच्या सुमारास ई-रिक्षा किंवा छोटी गाडी दिवसभरासाठी ठरवून निघावे. डुंगेश्वरीची टेकडी बोधगयेच्या ईशान्येला, नदीच्या पलीकडे आहे आणि रस्त्याने सुमारे १२ किलोमीटर पडते. हिचेच प्राचीन नाव प्राग्बोधी. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने तिची नोंद केली आहे. सिद्धार्थांनी सहा वर्षे जी कठोर तपश्चर्या केली, तिच्याशी या टेकडीचा संबंध जोडला जातो. पायथ्यापासून वर जायला चढाची वाट आहे. सावकाश चालणाऱ्याला अर्धा तास लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी पायथ्याशी पालखीची किंवा दुचाकीची सोय मिळते.

वरची गुहा लहान आहे. दार इतके बुटके की कमरेत वाकूनच आत शिरावे लागते, आणि आत एका वेळी पाच-सहा माणसेच मावतात. मेणबत्त्यांच्या उबेने व धुराने हवा जड झालेली असते. डोळे अंधाराला सरावले की समोर कृश सिद्धार्थाची सोनेरी मूर्ती दिसू लागते: बरगड्या मोजता येतील अशा, पोट पाठीला टेकलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आपल्याकडे विहारात ज्या प्रसन्न, भरल्या चेहऱ्याच्या मूर्ती असतात त्यांची सवय असलेल्या माणसाला ही मूर्ती पाहताना धक्का बसतो. म्हणूनच ही जागा सर्वांत आधी पाहावी. शरीराला छळून सत्य सापडत नाही, हे सिद्धार्थांनी जिथे जाणले ती जागा पाहिल्यावर मग मध्यम मार्ग हा शब्द नुसता पाठ केलेला राहत नाही. बाहेर रांग असेल तर आत दोन-तीन मिनिटांहून अधिक थांबू नये. गुहेबाहेरच्या ओट्यावर हवा तेवढा वेळ बसता येते.

तिथून परतताना बक्रौर गावी उतरावे. हे सुजातेचे गाव मानले जाते. तिने दिलेल्या खिरीने सिद्धार्थांचा उपवास सुटला, ही कथा आपल्या घराघरात माहीत आहे, आणि तिच्या स्मरणार्थ उभारलेला विटांचा भव्य स्तूप इथे आहे. तो पूर्वी मातीचा ढिगारा म्हणूनच दिसत असे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९७३-७४ मध्ये आणि पुन्हा २००१ नंतर उत्खनन करून तो उघडा केला. पाल राजा देवपाल याच्या काळातील, म्हणजे नवव्या शतकातील लेखात इथे सुजातेच्या घराचा उल्लेख सापडला. एका खेड्यातल्या स्त्रीच्या वाटीभर खिरीची आठवण लोकांनी चौदाशे वर्षांनंतरही जागती ठेवली होती, हे त्या विटांसमोर उभे राहिल्यावर मनाला फार लागते. थोडे पुढे सुजातेचे लहानसे मंदिर आहे, जिथे ती खीर अर्पण करताना दाखवली आहे.

बक्रौरमध्ये काही तरुण आपली ओळख शाळेचे शिक्षक म्हणून करून देतात आणि मुलांसाठी देणगी मागतात. काही शाळा खऱ्या आहेत, काहींविषयी खात्री करणे पाहुण्याला शक्य नसते. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी शाळेत प्रत्यक्ष जाऊन वह्या-पेन द्यावेत. हातात रोख रक्कम देऊ नये, आणि लहान मुलांना चिल्लर वाटण्याचा मोह तर अजिबात धरू नये. त्यामुळे मुले शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात.

गाव आणि बोधगया यांच्यामध्ये नदी आहे. ग्रंथांतली नेरंजरा किंवा निरंजना ती हीच. स्थानिक लोक तिला लीलाजन म्हणतात, आणि थोडे खाली मोहना मिळाली की तिचे नाव फल्गू होते. पावसाळा संपला की पात्रात वाळूच वाळू राहते आणि पाण्याची एखादी बारीक धार कडेने वाहत असते. पुलावरून रिक्षाने दोन-तीन मिनिटांत पलीकडे जाता येते, परंतु ज्यांचे पाय चालतात त्यांनी रिक्षा पुढे पाठवून द्यावी आणि पूल पायी ओलांडावा. खीर घेतल्यावर सिद्धार्थ याच काठाने वृक्षाकडे गेले, आणि वाटेत सोत्थिय नावाच्या गवत कापणाऱ्याने त्यांना बसायला गवताच्या पेंढ्या दिल्या, असे परंपरा सांगते. पुलाच्या मध्यावरून समोर झाडीच्या वर महाविहाराचे शिखर दिसू लागते. तिथे पाच मिनिटे थांबावे.

दुसरा दिवस: महाबोधी महाविहार

महाविहार पहाटे ५ वाजता उघडतो आणि रात्री ९ वाजेपर्यंत खुला असतो. प्रवेश विनामूल्य आहे. ७ जुलै २०१३ रोजी इथे बॉम्बस्फोट झाले, आणि तेव्हापासून सुरक्षा फार कडक झाली आहे: मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेरच्या काउंटरवर जमा करून टोकन घ्यावे लागते, मोठी बॅग चालत नाही, तपासणी एकापेक्षा अधिक वेळा होते. कॅमेरा न्यायचा असेल तर वेगळे शुल्क भरून पास घ्यावा लागतो. मोबाइल नसल्यामुळे आत एकमेकांची चुकामूक झाली तर हाक मारण्याचे साधन उरत नाही. म्हणून गटाने जाणाऱ्यांनी आत शिरण्यापूर्वीच भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी, मुचलिंद सरोवराचा काठ यासाठी सोयीचा आहे. प्रत्येक वृद्धाच्या खिशात मुक्कामाच्या विहाराचे नाव आणि फोन क्रमांक हिंदीत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

पहाटे साडेपाचला आत असावे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, कारण महाविहाराची मूळ जमीन आजूबाजूच्या जमिनीहून बरीच खोल आहे. शतकानुशतके साचलेला गाळ आणि माती एकोणिसाव्या शतकात उपसली गेली तेव्हा ती पुन्हा उघडी पडली. समोरची विटांची वास्तू सुमारे ५० मीटर उंच आहे आणि तिचा आजचा घाट पाचव्या-सहाव्या शतकातला, म्हणजे गुप्तकाळाच्या अखेरचा आहे. त्याआधी इथे सम्राट अशोकाने चैत्य उभारला होता. आपल्या राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो, असे तो आठव्या शिलालेखात सांगतो. पुढे म्यानमारच्या राजांनी वेळोवेळी डागडुजी करवली, आणि १८८० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम व बेगलर यांच्या देखरेखीखाली मोठा जीर्णोद्धार झाला. युनेस्कोने २००२ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

गर्भगृहातील भूमिस्पर्श मुद्रेतील मूर्ती पालकाळातील आहे. इथे रांग असते, त्यामुळे वंदना थोडक्यात करून बाहेर यावे आणि उजव्या हाताला वास्तू ठेवून प्रदक्षिणा करत मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला जावे. वज्रासन आणि बोधिवृक्ष तिथे आहेत. वज्रासन ही अशोककाळातील घोटीव वालुकाश्माची शिळा आहे, आणि ती वृक्ष व वास्तू यांच्या मधोमध कठड्याआड आहे. आजचा वृक्ष मूळ झाडाचा वंशज आहे. आधीचे झाड १८७६ मध्ये कोसळले आणि कनिंगहॅमने त्याच जागी रोप लावले. वृक्षाभोवतीच्या दगडी कठड्यांवर कमळे, प्राणी आणि जातक कथांमधील प्रसंग कोरलेले आहेत. त्यांतले काही स्तंभ आता संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या जागी प्रतिकृती उभ्या आहेत.

आता बसावे. जागा उत्तरेच्या बाजूला लवकर मिळते. तिबेटी साधक लाकडी फळ्यांवर दंडवत घालत असतात, त्यांच्या हातांखालच्या कापडाचा फळीवर घासल्याचा आवाज लयीत येत राहतो. थोड्या अंतरावर थाई उपासकांचा गट ‘फुत्थं सरणं खच्छामि’ म्हणत असतो, म्यानमारच्या गटाच्या तोंडी ‘सरणं’चे ‘थरणं’ होते, आणि आपण नागपूरच्या विहारात शिकलेल्या चालीत ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणतो. शब्द तेच आहेत हे कळायला एखादा क्षण लागतो, आणि कळल्यावर परके कोणी राहत नाही. आपली वंदना मोठ्याने म्हणण्यात संकोच करू नये. फक्त ध्वनिवर्धक वापरू नये आणि शेजारच्या गटावर आवाज चढवू नये.

वृक्षाचे पान तोडायला मनाई आहे. गळलेले पान मात्र ज्याला मिळेल त्याचे. वारा आला की वर सळसळ होते, चाळीस-पन्नास माणसांच्या माना एकदम वर होतात, आणि एखादे पान गिरक्या घेत, लांब शेपटीसारखे टोक खाली करून, कधी एखाद्या श्रामणेराच्या चिवरावर तर कधी फरशीवर उतरते. धावू नये, कारण फरशी गुळगुळीत आहे आणि वृद्ध माणसे आजूबाजूला बसलेली असतात. फाटकाबाहेर जाळीदार केलेली, रंगवलेली पाने विकत मिळतात. ती याच झाडाची आहेत असे विक्रेता सांगेल, तरी त्यावर अवलंबून राहू नये.

ज्ञानप्राप्तीनंतरचे सात आठवडे तथागतांनी याच परिसरात घालवले असे मानले जाते, आणि प्रत्येक आठवड्याची जागा पाटी लावून दाखवलेली आहे. त्याच क्रमाने फिरावे. पहिला आठवडा वृक्षाखालीच. दुसऱ्या आठवड्यात ते पापणी न लववता वृक्षाकडे पाहत राहिले, तिथे ईशान्येला अनिमेषलोचन चैत्य आहे. तिसऱ्या आठवड्यातील चंक्रमणाची, म्हणजे सावकाश येरझाऱ्या घालत केलेल्या ध्यानाची, जागा वास्तूच्या उत्तर भिंतीलगत एका ओट्यावर कोरलेल्या कमळांनी दाखवली आहे. प्रत्येक कमळ म्हणजे एक पाऊल. चौथा आठवडा रत्नघर चैत्याचा. इथे त्यांच्या देहातून निळी, पिवळी, तांबडी, पांढरी व मांजिष्ठ प्रभा बाहेर पडली असे सांगतात, आणि १८८५ मध्ये श्रीलंकेत तयार झालेल्या ज्या पंचरंगी धम्मध्वजाने आपल्या वस्त्या चौदा एप्रिलला सजतात, त्याचे रंग हेच. पाचव्या आठवड्यातील अजपाल निग्रोधाची जागा पूर्वेला पायऱ्यांजवळ आहे. दक्षिणेचे सरोवर सहाव्या आठवड्याचे, जिथे मुचलिंद नागाने वादळात तथागतांवर फणा धरला.

सातव्या आठवड्याच्या राजायतन वृक्षापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. इथे तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी आले, त्यांनी तथागतांना अन्नदान केले आणि ते पहिले उपासक झाले. तेव्हा भिक्खुसंघ स्थापन झालेला नव्हता, त्यामुळे त्यांनी दोनच सरणे घेतली: बुद्धाचे आणि धम्माचे. घरसंसार आणि व्यवसाय सांभाळून धम्म पाळणाऱ्या आपल्यासारख्यांची परंपरा या जागेपासून सुरू होते.

आवारात आणि प्रवेशाजवळ काही ठिकाणी हिंदू पूजाविधी चाललेले दिसतील, आणि पहिल्यांदा जाणारा आंबेडकरी उपासक ते पाहून अस्वस्थ होतो. त्याची पार्श्वभूमी जाताना माहीत असावी. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. अनागारिक धम्मपाल यांनी १८९१ मध्ये सुरू केलेला लढा आणि भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी १९९२ पासून चालवलेले महाबोधी महाविहार मुक्ती आंदोलन ही या मागणीची दोन मोठी पर्वे आहेत. २०२५ मध्ये भिक्खूंनी याच मागणीसाठी बोधगयेत दीर्घ धरणे धरले. नागपूरचा या लढ्याशी असलेला संबंध जुना आहे आणि तो प्रत्येकाने समजून घ्यावा. महाविहाराच्या आत मात्र कोणाशीही वाद घालू नये.

संध्याकाळी पुन्हा यावे. दिवे लागल्यावर हीच वास्तू वेगळी दिसते, आणि दिवसाची गर्दी ओसरल्यावर पठणाचे सूर अधिक स्पष्ट ऐकू येतात.

तिसरा दिवस

पहाटेची वंदना करून सकाळी विहार पाहायला निघावे. सगळे विहार पाहण्याचा हट्ट धरू नये. थाई विहाराचे उतरते सोनेरी छप्पर, भूतानच्या विहारातील मातीची उठावचित्रे आणि जपानी विहारातील साधेपणा एवढे पाहिले तरी एकाच धम्माने देशोदेशी किती रूपे घेतली ते कळते. दुपारी बरेच विहार बंद असतात. १९८९ मध्ये दलाई लामांच्या हस्ते लोकार्पण झालेली ८० फुटांची बुद्धमूर्तीही याच भागात आहे. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे तिसरा दिवस शुक्रवार येत असेल तर ते आदल्या दुपारी पाहून घ्यावे. वृक्षाभोवतीचे मूळ कोरीव स्तंभ तिथे हातभर अंतरावरून पाहायला मिळतात.

हाताशी चौथा दिवस असेल तर राजगीर आणि नालंदा करता येते. दोन्ही एका दिवसात होतात, पण पहाटे निघावे लागते. वृद्धांना घेऊन मी हे करणार नाही.

परतीची वाट

बोधगयेहून तथागत सारनाथला गेले आणि तिथे पाच भिक्खूंना पहिला उपदेश दिला. आपलीही गाडी मुगलसरायवरून जाते आणि तिथून सारनाथ रिक्षाने तासाभरावर आहे, म्हणून परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची ठेवून एक मुक्काम तिथे करावा. धमेक स्तूप आणि अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष ठेवलेले संग्रहालय यांसाठी अर्धा दिवस पुरतो.

गया सोडण्यापूर्वी हिवाळा असेल तर शेजाऱ्यांसाठी तिळकूट घ्यावे. ते ठिसूळ असते, म्हणून डब्यात भरून वरच्या पिशवीत ठेवावे. वृक्षाचे गळलेले पान मिळालेच असेल तर ते ओले असताना प्लॅस्टिकमध्ये घालू नये, काळे पडते. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वंदनेच्या पुस्तिकेत दाबावे, आणि नागपूरला पोहोचेपर्यंत ती पुस्तिका बॅगेच्या तळाशी, सपाट राहील अशी ठेवावी.